पाठीवरच्या रात्री

‘पूर्ण विश्रांती घ्यावी’ हे वाक्य जवळपास प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असते. अपेंडिक्सच्या कार्डावर असते, हर्नियाच्याही असते. विश्रांती घ्यायची कशी, हे मात्र त्या कार्डावर सहसा नसते. छातीची शस्त्रक्रिया झालेला माणूस दोन-तीन दिवसांत घरी जातो, रात्री अंथरुणाला पाठ टेकतो आणि मग त्याच्या लक्षात येते की कूस बदलता येत नाही, पालथे होता येत नाही, हात टेकून उठताही येत नाही. रात्री दोन वाजता हे कोणाला विचारायचे? वॉर्डातली सिस्टर आता तिथे नसते.

‘टॉप सर्जरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्या पारलिंगी व्यक्ती ही शस्त्रक्रिया करून घेतात; स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारे काहीजणही घेतात. यात स्तनग्रंथी काढून छाती सपाट केली जाते. स्तन मोठे असतील तर छातीच्या खालच्या भागात दोन आडवे छेद घेतात, स्तनाग्रे वेगळी करून लहान करतात आणि नव्या जागी कलम म्हणून बसवतात. आत साठणारे रक्त-पाणी बाहेर काढण्यासाठी दोन्ही बाजूंना नळ्या ठेवतात आणि छातीभोवती दाब देणारा पट्टा बांधतात. पुढचे काही आठवडे झोपायचे ते हे सगळे सांभाळून.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ‘नालसा’ खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. 2019 च्या कायद्याने अशा शस्त्रक्रियांची आणि संप्रेरक उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. शस्त्रक्रियेपर्यंतचा रस्ता त्यामुळे थोडाफार तरी दिसू लागला. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पंधरा रात्री रुग्ण कुठे, कसा आणि कोणाच्या सोबतीने काढणार, याचा विचार ना कायद्यात आहे, ना रुग्णालयाच्या कागदांत. आणि बऱ्याच तक्रारी नेमक्या त्या रात्रींत सुरू होतात.

आधी शरीराचे पाहू. पहिले दोन-चार आठवडे उताणे झोपायचे, आणि तेही सपाट नाही. कंबरेपासून वरचा भाग साधारण तीस ते पंचेचाळीस अंश उचललेला हवा. त्याला साधी कारणे आहेत. वरचा भाग उचललेला राहिला की सूज लवकर उतरते. टाक्यांवर ताण कमी येतो. झोपेत नकळत कुशीवर वळण्याची शक्यता घटते. शिवाय अर्धवट बसलेल्या अवस्थेतून उठायला हातांचा जोर लागत नाही, पाय खाली सोडले की काम होते. कुशीवर झोपले तर एका बाजूच्या नळीवर आणि कलमावर भार येतो. ताज्या कलमाला नवा रक्तपुरवठा मिळायला काही दिवस लागतात, तोवर त्याच्यावर घासणे किंवा दाब नको.

इंग्रजी माहितीपत्रकांत यासाठी रिक्लायनर खुर्ची आणि पाचरीच्या आकाराची महागडी उशी सुचवलेली असते. दहा बाय दहाच्या खोलीत दोघांबरोबर राहणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? आपल्याकडच्या नर्सिंगमधली जुनी युक्ती इथे जास्त कामाची आहे. पलंगावर साधी लाकडी खुर्ची पालथी घालायची, म्हणजे तिच्या पाठीचा उतार तयार होतो. त्यावर घडी केलेली गोधडी आणि उशी टाकली की टेकायला जागा झाली. खुर्ची हलणार नाही एवढे बघून ती पलंगाला दोरीने बांधावी. भिंतीला लावलेला लोडही चालतो. मात्र नुसते डोक्याखाली तीन उशा रचू नयेत. त्याने मान वाकते, छाती तिथेच राहते आणि सकाळी मान धरते. उतार कंबरेपासून सुरू झाला पाहिजे. गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी ठेवली की माणूस रात्रभर खाली घसरत नाही आणि कंबरही भरून येत नाही. दोन्ही बाजूंना एकेक उशी ठेवून त्यावर हात टेकवावेत. खांद्यांचा ताण जातो आणि वळण्याला आडकाठीही होते.

जमिनीवरची गादी पहिले दोन-तीन आठवडे टाळलेली बरी. जमिनीवरून उठताना हात टेकावाच लागतो आणि तो जोर थेट छातीच्या स्नायूंवर येतो. पलंग नसेल तर तेवढ्या दिवसांपुरता मागून आणावा. बाळंतिणीसाठी आपण आणतोच की.

आपल्या घरांची रचनाही विचारात घ्यावी लागते. पंख्याचे बटण, मच्छरदाणीची दोरी, संडासाच्या दाराची वरची कडी, फळीवरचे औषध, हे सगळे खांद्याच्या वर असते आणि हात खांद्याच्या वर न्यायला बंदी असते. म्हणून शस्त्रक्रियेला जाण्याआधीच पाणी, औषधे, मोबाइल आणि चार्जर पलंगाशेजारी कंबरेच्या उंचीवर मांडून ठेवावे. मच्छरदाणी दुसऱ्याकडून कायमची बांधून घ्यावी. भरलेली बादली दहा-पंधरा किलोची असते. ती रात्री काय, दिवसाही उचलायची नाही. सामाईक संडास असलेल्या चाळीत याचा अर्थ असा, की पाणी भरून ठेवायला कोणीतरी हवे.

पट्ट्याबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. शस्त्रक्रियेआधी छाती दाबण्यासाठी वापरलेला बाइंडरच नंतरही चालेल, असे काहींना वाटते. चालत नाही. तो डोक्यावरून घालावा लागतो, म्हणजे हात वर करावे लागतात, आणि त्याचा दाब या कामासाठी बनवलेला नसतो. नंतरचा पट्टा समोरून उघडणारा असावा, रात्रीही सर्जनने सांगितले आहे तोपर्यंत ठेवावा, पण त्याखाली बोट सहज सरकले पाहिजे. श्वास पूर्ण घेता येत नसेल तर पट्टा फार आवळला आहे. मे महिन्यात हा पट्टा घालून झोपणे ही शिक्षाच असते. आत पातळ सुती बनियन चालेल का, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्यावे. बनियन पुढून कापून घेतली की डोक्यावरून घालावी लागत नाही. नळ्या झोपण्याआधी रिकाम्या कराव्यात, किती मिलिलिटर निघाले ते वहीत लिहावे, आणि फुगे पट्ट्याला अडकवून ठेवावेत. ते अंथरुणात मोकळे राहिले तर अंगाखाली येतात, ओढले जातात.

इतके सगळे करूनही पहिल्या काही रात्री झोप लागत नाही, आणि त्यात रुग्णाची चूक नसते. भूल, वेदना, मळमळ होऊ नये म्हणून दिलेले स्टिरॉइड, दिवसा काढलेल्या डुलक्या, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप खूप कमी होते आणि मग काही दिवसांनी ती उसळी मारून परत येते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या रात्री विचित्र, भीतिदायक स्वप्ने पडू शकतात. ज्या शस्त्रक्रियेची वर्षानुवर्षे वाट पाहिली, ती झाल्यावर रडू का येते, असे वाटून माणूस घाबरतो. आपला निर्णयच चुकला की काय, इथपर्यंत विचार जातो. चौथ्या रात्रीच्या रडण्यावरून निर्णय जोखू नये. ही उदासी बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. तशी ओसरली नाही, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वेदनाशामक गोळी दुखणे असह्य झाल्यावर नव्हे, सांगितलेल्या वेळेलाच घ्यावी. रात्रीचा डोस चुकला तर पहाटे तीनला जाग येते आणि मग गोळीचा परिणाम व्हायला तासभर लागतो. पण झोपेची गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नये. ट्रॅमाडॉलसारख्या औषधाबरोबर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो. घोरणाऱ्या माणसाला हा धोका जास्त. टेस्टोस्टेरॉनमुळे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास काहींमध्ये वाढतो, म्हणून घोरण्याची गोष्ट भूलतज्ज्ञाला आधीच सांगायला हवी. झोप येत नाही म्हणून ओढलेली सिगारेट तर थेट कलमाच्या मुळावर येते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

आता सोबतीविषयी. आपली सरकारी रुग्णालये नातेवाइकांवर चालतात. औषध कोण आणणार, रक्त कोण देणार, रात्री कोण थांबणार, घरी कोण सांभाळणार, या सगळ्याचे उत्तर ‘नातेवाईक’ असे गृहीत धरलेले असते. पारलिंगी रुग्णांपैकी अनेकांना घराने दार बंद केलेले असते. त्यांच्याबरोबर येतो तो मित्र, जोडीदार किंवा समाजातला थोरला. त्याला वॉर्डाच्या दारात ‘तुम्ही कोण?’ असे विचारले जाते आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास बाहेर थांबवले जाते. मग पट्टा कसा सोडायचा, नळी कशी रिकामी करायची, हे नेमके त्याला शिकवलेच जात नाही. रुग्णाला एकट्याला शिकवतात, तेही गुंगीत असताना.

संमतीच्या कागदावरही आई-वडिलांच्या सहीचा आग्रह धरला जातो. शुद्धीवर असलेल्या सज्ञान व्यक्तीची संमती तिची स्वतःची असते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात, रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती ग्राह्य नाही, असे स्पष्ट केले. त्याला इतकी वर्षे झाली तरी वॉर्डातली सवय सुटलेली नाही. रुग्णाने जिला आपली सोबत म्हणून नाव दिले, ती व्यक्ती सोबत. यासाठी नवा कायदा लागत नाही, वैद्यकीय अधीक्षकांचे एक परिपत्रक पुरते.

अशी माणसे असतात किती, असे कोणी म्हणेल. संख्येचा हिशेब बाजूला ठेवला तरी स्तनाच्या कर्करोगासाठी स्तन काढलेली बाई याच रात्रींतून जाते. स्तनवाढीची शस्त्रक्रिया झालेला तरुणही जातो, लाजेने कोणाला सांगतही नाही. नळ्या, उतार, वरची कडी, भरलेली बादली, यात फारसा फरक नाही. मराठीत, चित्रांसह, एक पानी सूचना छापली तर ती तिघांनाही देता येईल. फिजिओथेरपिस्ट किंवा सिस्टरने घरी सोडण्याआधी दहा मिनिटे देऊन पलंगावरून उठणे-झोपणे प्रत्यक्ष करून घ्यावे, सोबतीसमोर. आणि ज्याच्या घरी रात्री कोणीच नाही, त्याची खाट नळ्या निघेपर्यंत रिकामी करण्याची घाई करू नये. खाटांची टंचाई खरी आहे. पण नळी ओढली जाऊन पहाटे अपघात विभागात परत आलेल्या रुग्णालाही खाट लागतेच.

त्या पानावर एक चौकट ठळक हवी. पहिल्या दोन दिवसांत एका बाजूची छाती अचानक फुगून टणक झाली, नळीत लालभडक रक्त भराभर साठू लागले, धाप लागली, छातीत दुखले किंवा एक पोटरी सुजून दुखू लागली, तर सकाळची वाट न पाहता निघावे. ताप 101 च्या वर गेला, जखमेतून पू आला किंवा भोवती लाली पसरू लागली, तरीही दाखवावे. पोटरीचे त्रास टाळण्यासाठी दिवसातून अनेकदा घरात चालायचे आणि पडल्या पडल्या पावले वरखाली करत राहायचे; ‘पूर्ण विश्रांती’ म्हणजे पडून राहणे नव्हे, हेही तिथे लिहावे लागेल.

नळ्या बहुधा आठवड्याभरात निघतात. कुशीवर झोपायला बऱ्याच जणांना तीन-चार आठवड्यांनी परवानगी मिळते, तीही छातीशी उशी धरून. पालथे झोपायला सहा आठवडे किंवा त्याहून अधिक. प्रत्येक सर्जनचा हिशेब थोडा वेगळा असतो आणि तोच पाळायचा. पालथे झोपायची जुनी सवय असेल तर शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीपासून पाठीवर झोपायचा सराव सुरू करावा. पहिल्या दोन रात्री जड जातात, मग अंगवळणी पडते.