विश्लेषण : गाडी खाली केली म्हणजे ती रस्ता जास्त धरते का?

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून स्वतःची स्विफ्ट घेऊन भुसावळला आला. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसत होती. १७ इंची काळी अलॉय चाके आणि त्यांवर पट्टीसारखे पातळ टायर. दुसऱ्याच दिवशी जामनेर रोडवरच्या गतिरोधकावर पुढचा बंपर घासला. चौथ्या दिवशी आजोबांना घेऊन सावद्याला जाताना डावे चाक खड्ड्यात आदळले. रिम वाकली आणि टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा आला. त्याच टायरवर तो पुण्यापर्यंतचे चारशेच्या आसपास किलोमीटर परत जायचे म्हणत होता. त्याला थांबवले तर म्हणाला, ‘मामा, पण वळणावर गाडी काय धरते, तुम्ही बसून तर बघा!’

बसून बघितले. तो म्हणत होता ते अर्धे खरे होते. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

हॉट हॅचबॅक म्हणजे लहान, घरगुती गाडीला ताकदीचे इंजिन आणि कडक सस्पेन्शन. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयपासून हा प्रकार जगभर नावारूपाला आला. आपल्याकडे चाकणला तयार झालेली पोलो जीटी, रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये आलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, पुढे आय-ट्वेंटी एन लाइन आणि २०२४ ची अल्ट्रोझ रेसर ही त्यातली नावे. पुंटो आणि पोलो आता नव्या मिळत नाहीत, त्यामुळे जुन्या घेऊन सजवण्याची हौस वाढली आहे. ज्याला हे परवडत नाही तो स्विफ्टवर तेच प्रयोग करतो. हौसेला नाव ठेवायचे कारण नाही. प्रश्न फक्त पैसे कशावर घालायचे हा आहे.

१२० मिलिमीटरचे ९२ होतात तेव्हा

टायरच्या बगलेवरचे आकडे वाचता आले की निम्मे समजते. २०१८ च्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतो. १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास इंचात. भाच्याचा टायर २०५/४५ आर १७. दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, ६२१ आणि ६१६ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण बगल ९२ मिलिमीटरवर आली. रस्ता आणि रिम यांच्यामध्ये जी रबर-हवेची गादी असते, तिच्यातले २८ मिलिमीटर गेले.

त्याचा फायदा खरा आहे. उंच बगल वळणावर लुळी पडते, ठेंगणी बगल पडत नाही, म्हणून स्टिअरिंग फिरवले की गाडी लगेच ऐकते. भाचा यालाच ‘धरते’ म्हणतो. पण लगेच ऐकणे वेगळे आणि पकड वेगळी. पकड येते ती रबराच्या प्रतीतून, हवेच्या दाबातून आणि चाक सतत रस्त्याला टेकून राहण्यातून. मोठी रिम बहुधा जड असते. स्प्रिंगच्या खाली लोंबणारे वजन वाढले की उखडलेल्या रस्त्यावर चाक उड्या मारते, आणि हवेत असलेले चाक ना वळवते, ना थांबवते. जळगाव ते मुक्ताईनगर चौपदरी महामार्गावर हे कळत नाही. दीपनगरच्या राखेचे डंपर आणि केळीचे ट्रक ज्या रस्त्यांवरून रोज जातात, तिथे पहिल्या किलोमीटरलाच कळते. खाली काळी माती असली की पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा येतात. त्यावर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेला पातळ टायर आणि कमी हवा, हा खान्देशातला खरा धोका.

मोठे चाक हवेच असेल तर १९५/५५ आर १६ पर्यंत थांबावे, असे माझे मत आहे. त्याचा व्यास मूळ मापाइतकाच भरतो आणि बगल १०७ मिलिमीटर राहते.

आता सस्पेन्शन

लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी ३०-३५ मिलिमीटर खाली करतात. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची मुळात १६३ मिलिमीटर. उरले १३० च्या आसपास, तेही रिकाम्या गाडीत. मागे तीन माणसे आणि डिकीत केळीचे दोन घड ठेवा, मग मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीतले गतिरोधक ज्याने केले त्याने हा कागद पाहिला असेल असे वाटत नाही.

पण बंपर घासणे ही किरकोळ गोष्ट. मुख्य मुद्दा गाडीच्या खाली आहे. या सगळ्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात चाकाला खालून धरणारा लोअर आर्म बेताच्या कोनात बसवलेला असतो. गाडी खाली आली की तो कोन बिघडतो, आणि वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. दोघांतले अंतर वाढले की कलण्याची ओढ वाढते. म्हणजे गाडी खाली करून ती वळणावर जास्त कलण्याची सोय आपणच करून ठेवतो. मग ते लपवायला आणखी कडक स्प्रिंग. तिला मूळ शॉकअ‍ॅब्सॉर्बर आवरू शकत नाही. खड्ड्यात त्याचा प्रवास लवकर संपतो आणि तो रबरी स्टॉपरवर आदळतो. त्या क्षणी गाडीला सस्पेन्शन उरतच नाही.

याहून वाईट म्हणजे मूळ स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी ‘बसवणे’. कापलेली स्प्रिंग तिच्या जागेवर नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबकळले की जागेवरून निसटू शकते. हे कोणी फुकट करून देत असले तरी करू नये. वेटोळ्यांमध्ये रबरी तुकडे खुपसून गाडी उचलणे हाही त्यातलाच प्रकार.

आपल्यापासून सातपुडा ओलांडला की इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. गाड्यांच्या अशा चाचण्या होतात तेव्हा स्प्रिंग, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, बुश आणि टायर यांचे गणित एकत्र जुळवलेले असते. त्यातला एक तुकडा आपण बदलला की उरलेल्या चाचणीचे मालक आपण.

कायद्याचेही बघायला हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेले चाकाचे माप सहसा वादात सापडत नाही, खाली केलेली गाडी सापडू शकते. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाला आधी दिसतो.

तर पैसे कुठे घालावेत? आधी चार चांगले टायर, मूळ मापाचे. बगलेवरचे शेवटचे चार आकडे बघून घ्यावेत, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. मग मूळ उंचीचे चांगल्या प्रतीचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, वरचे माउंटिंग. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत हे सगळे ढिले झालेले असते, आणि ‘गाडी धरत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथेच असते. शेवटी अलाइनमेंट, हातात छापील आकडे घेऊन. हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही. पण कन्नड घाटात किंवा पालच्या वळणांवर उपयोगी पडते तेच.

भाचा स्टेपनी लावून घरापर्यंत आला आणि पुण्याला रेल्वेने गेला. नंतर गाडीला मूळ स्प्रिंग परत बसवली. १७ इंची रिमा मात्र विकल्या नाहीत, आमच्या गच्चीवर ताडपत्रीखाली आहेत. परवा त्या पुंटोवाल्या मित्राला देऊ का म्हणून त्याचा फोन आला. पुंटोच्या चार बोल्टांचे वर्तुळ ९८ मिलिमीटरचे, स्विफ्टचे १०० चे. दोन मिलिमीटरच्या फरकात बोल्ट तिरका का होईना आत जातो, घट्टही बसल्यासारखा वाटतो, आणि चालत्या गाडीत सैल होतो. रिमा अजून गच्चीवरच आहेत.