वर्गखोलीवर कर्जरोखा नको

पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे कर्जरोखे विकले. मग परभणी जिल्हा परिषदेने चारठाण्याच्या नाहीतर सेलूच्या शाळेसाठी तेच का करू नये? कोणी असे विचारले, तर प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेबीचे 2015 चे नियम ही वाट नगरपालिका-महापालिकांनाच देतात, हे खरे. पण नियम आज आहेत, उद्या बदलतील. 'कायद्यात बसत नाही' हे कारकुनी उत्तर झाले.

पूर्वपक्षाला त्याचे पुरते माप देऊ. मराठवाड्यात प्राथमिकच नव्हे, माध्यमिक प्रशालाही जिल्हा परिषदा चालवतात. हा निजामी राजवटीचा वारसा, आणि त्यासोबत तेव्हाच्या इमारतीही आल्या. खोली धोकादायक ठरते, निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडीत काढण्याचा, प्रस्ताव जातो, जुनी खोली पाडली जाते आणि नवीचा निधी येईपर्यंत दोन वर्ग एका खोलीत बसतात. ऑगस्ट 2017 मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. चौथीतल्या मुलाला पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत थांब म्हणता येत नाही. शिवाय इमारत पन्नास वर्षे टिकणार असेल, तर तिचा खर्च एकाच पिढीने का सोसावा?

हा शेवटचा मुद्दा सर्वांत गोड, म्हणून सर्वांत धोक्याचा. कॅलिफोर्नियातल्या पोवे या शालेय जिल्ह्याने 2011 मध्ये नेमका तोच धरला. तिकडे शाळांसाठी स्वतंत्र निवडून आलेले मंडळ असते आणि त्याला मालमत्ता कराच्या जोरावर कर्ज उभारता येते. पोवेच्या मंडळाने मतदारांना कराचा दर न वाढवण्याचा शब्द दिला होता आणि इमारतींची कामे तर करायची होती. मग सुमारे 10.5 कोटी डॉलर असे उचलले की वीस वर्षांहून अधिक काळ एक पैसाही फेडायचा नाही. व्याज मुद्दलात मिळत राहिले आणि 2051 पर्यंतच्या फेडीचा आकडा 98 कोटी डॉलरांवर गेला. यात अफरातफर नव्हती, साधा हिशेब होता. सहा टक्के चक्रवाढीने चाळीस वर्षांत रुपयाचे दहा रुपये होतातच. खर्च पिढ्यांमध्ये वाटून घेणे वेगळे आणि आपल्या पिढीने हात झटकणे वेगळे.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक आहे: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानेही तो मानला. पोवेच्या करारात मुद्दलाच्या नऊपटींहून अधिक रक्कम फेडायची होती. बोभाटा झाल्यावर कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये कायदा करून अशा रोख्यांवर 25 वर्षांची आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीत बसवण्याची मर्यादा घातली. म्हणजे सुधारल्यावरही ते आपल्या गावच्या सावकाराच्या पुढेच राहिले!

पण पोवेकडे निदान कर लावण्याचा हक्क तरी होता. परभणी जिल्हा परिषदेकडे काय आहे? जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्काचा वाटा आणि किरकोळ भाडी, म्हणजे ज्याला सगळे 'सेस' म्हणतात तो. बाकी गुरुजींच्या पगारापासून पोषण आहारापर्यंत सारे शासनाचे अनुदान, ज्या-त्या कामासाठी बांधलेले. पुणे महापालिका दरवर्षी मिळकतकर गोळा करते. त्या तारणावर गुंतवणूकदार भरवसा ठेवतो. सेसच्या तारणावर कोणी ठेवणार नाही. तो मागेल राज्याची हमी. हमी आली की जिल्हा परिषदेला काटकसरीची गरज उरत नाही आणि राज्याला वाटते आपण काही खर्चच केला नाही. पाटबंधारे महामंडळांनी नव्वदीच्या दशकात हमीवर रोखे काढले, तेव्हाही बोजा शेवटी तिजोरीवरच आला आणि कितीतरी धरणे अपुरीच राहिली.

आणि सही कोण करणार? मार्च 2022 नंतर काही वर्षे परभणी जिल्हा परिषदेत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. अधिकारी बदलून जातो, सदस्याची मुदत पाच वर्षांची. वीस-पंचवीस वर्षांच्या करारावर सही करणारा फेडीच्या वेळी कुठे असेल? दुसरे, पैसा हाती आला म्हणजे काम झाले असे नव्हे. खुद्द पुण्यात रोख्यांचे पैसे आले आणि पाणीयोजनेच्या निविदा रद्द झाल्या. व्याज सुरू झाले, रक्कम बँकेत ठेवीत पडून राहिली. महापालिकेच्या अभियंत्यांचे हे, तर तालुक्याच्या बांधकाम उपविभागाचे काय, हे वेगळे सांगायला नको.

मग काय, कर्जच नको? तसे मी म्हणत नाही. कर्ज काढायचेच तर राज्याने स्वतःच्या नावाने काढावे. राज्याचे रोखे रिझर्व्ह बँकेमार्फत लिलावात जातात, दर कमी पडतो, आकडा अर्थसंकल्पात दिसतो आणि विधानसभेत त्याचा जाब विचारता येतो. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये खर्चाची जबाबदारी केंद्र आणि राज्यावर टाकली आहे, जिल्हा परिषदेवर नाही. ती जबाबदारी रोख्याच्या आडून जिल्ह्याकडे ढकलणे म्हणजे कायद्याला बगल देणे.

खाली छोटे कर्ज हवेच असेल, तर त्याची सोय आधीच आहे. ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नातला ठरलेला अंश जिल्हा ग्रामविकास निधीत भरतात आणि त्यातूनच गावांना कर्ज मिळते. हा आपलाच पैसा. चारठाण्याच्या ग्रामपंचायतीला बाजाराजवळ गाळे बांधायचे असतील, तर हे कर्ज शोभते: गाळ्याला भाडे येते, भाड्यातून हप्ता जातो. वर्गखोली भाडे देत नाही. तिच्यासाठी अनुदानच हवे, तेही वेळेवर. चारठाणा ज्या तालुक्यात येते, त्या जिंतूरच्या पंचायत समितीत फलक लागावा: तालुक्यातल्या धोकादायक खोल्या किती, निर्लेखनाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला, तो कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे. फलकाला व्याज लागत नाही, आणि रोखे काढल्यावर जे कोणी विचारणार नाही, ते शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया त्या फलकापुढे उभ्या राहून विचारतील.