भारंगीतून वाहून जातं ते कुठं जातं?

शहापूरच्या सांडपाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आपलं गाव ते केवढं! घरोघरी संडासाच्या टाक्या आहेत, पाऊस धो धो पडतो, सगळं वाहून जातं." मुरबाडलाही हेच. दोन्हीकडे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, कौलारू घरांच्या जागी चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, पण हे वाक्य जागचं हललं नाही. मला ते मुळापासून चुकीचं वाटतं, आणि धोक्याचंही.

वाहून जातं म्हणजे जातं कुठं? शहापुरातून भारंगी वाहते, ती भातसेला मिळते. खालच्या अंगाला खडवली. तिथं काठावर बायाबापड्या कपडे धुतात, सुट्टीच्या दिवशी पोरं डुंबतात. आणखी खाली पिसे. तिथून मुंबई आपलं पाणी उचलते. तिच्या सात जलाशयांतल्या साठ्यापैकी निम्म्याच्या आसपास साठा एकट्या भातसा धरणात असतो. मुंबईचं पाणी पांजरापूरला शुद्ध होऊन पुढं जातं. नदीत उतरणाऱ्या आपल्या माणसांसाठी मध्ये कुठलंच पांजरापूर नाही. आपली घाण मुंबईआधी आपल्याच अंगावर येते.

"पण टाकी आहे ना!" आहे. आमच्या सोसायटीची टाकी मी समोर उभं राहून उघडून घेतली, बारा वर्षांत पहिल्यांदा. झाकण सिमेंटनं लिंपलेलं, पहारीनं फोडावं लागलं. दुसऱ्या कप्प्यात निवळ पाणी असायला हवं. तिथंही काठोकाठ काळा गाळ आणि वर बोटभर जाड साय. बाहेर निघणारा पाइप शोषखड्ड्यात नव्हताच, थेट रस्त्याच्या गटारात सोडलेला होता. टाकीत मैल्याचा गाळ खाली बसतो, थोडा कुजतो; वरून निघणाऱ्या पाण्यात जंतू तसेच राहतात. ते पाणी जमिनीत मुरावं म्हणून शोषखड्डा. आपली जमीन काळ्या कातळाची, आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. श्रावणात जमीनच पाण्यानं तुडुंब असते, मुरणार काय? त्यात दोन-तीन वर्षांनी उपसा झाला नाही तर गाळ बसायलाही जागा उरत नाही.

मैल्याचा टँकर आला, टाकी रिकामी झाली. चालकाला विचारलं, "हे टाकणार कुठं?" तो म्हणाला, "तुम्हीच सांगा साहेब, जागा कुठंय?" त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, भुयारी गटार आणि मोठं शुद्धीकरण केंद्र झाल्याशिवाय काही होणार नाही. त्याला कोट्यवधी लागतात, तोवर थांबा. दाट वस्तीच्या मोठ्या शहराला भुयारी गटार हवंच, हे मला मान्य आहे. पण इथं कातळ फोडायचा, चढ-उतारावर पंप बसवायचे, आणि नळाला ठरावीक वेळच पाणी असेल तर नळीतला मैला पुढं ढकलायचा कशानं? बरं, केंद्र बांधलं म्हणजे ते चालतं असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची, आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६.

थांबायचं कारण नाही, हे वाई आणि सिन्नरनं दाखवलं आहे. दोन्ही नगरपरिषदांनी दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी पाळीपाळीनं उपसायचं ठरवलं. पैसे उपशाच्या दिवशी घरमालकाकडं मागायचे नाहीत, कराच्या पैशातून द्यायचे. त्यामुळं टाकी तुंबेपर्यंत कुणी लांबणीवर टाकत नाही. गाळासाठी ठरलेली जागा आहे, तिथं तो हाताळला जातो.

शहापूर आणि मुरबाडला हेच करता येईल. गाळ वाळवायला थोडी जमीन, वाळूचे वाफे, आपल्याकडच्या पावसामुळं वर छप्पर. न्हाणीघर-स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी ओढ्याच्या तोंडाशी खडीचे वाफे, त्यात कर्दळ आणि बोरू. नागपूरच्या 'नीरी'नं हीच रीत 'फायटोरिड' नावानं विकसित केली आहे. वीस हजार वस्ती, माणशी १०० लिटर पाणी आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं धरलं, तर रोजचं सांडपाणी सोळा लाख लिटरच्या घरात जातं. हे अवाक्याबाहेरचं नाही. जुलै २०२४ मध्ये भारंगीला आला तसा पूर हे वाफे पेलणार नाहीत. पुराचं पाणी बाजूनं काढून द्यावं लागेल. पण पावसाळा सोडून उरलेले आठ महिने तर हातात आहेत! आणि खर्चाचा वाटा मुंबई महापालिकेनं उचलावा, असं मी ठासून म्हणतो. ज्या नदीवर तिची तहान भागते, ती स्वच्छ ठेवणं तिचंही काम आहे.

आमच्या सोसायटीनं पाइप गटारातून काढला. शोषखड्ड्याला पाच फुटांवर कातळ लागला, म्हणून पार्किंगमागं खडीचा वाफा केला. त्यातली कर्दळ आता गुडघ्याला आली आहे. त्या टँकरमधला गाळ कुठं गेला, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.