पाच बांधी, दहा नमुने

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना दिवाळीच्या सुमारास अड्याळच्या आसपास धान कापणीला आलेले असते. याच दिवसांत तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामसेवक यांच्यापैकी कोणीतरी दोरी, फीत आणि चार खुंट्या घेऊन एखाद्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरतो. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक आकड्यांनी ठरलेली पावले मोजायची, चौकोन आखायचा, आतले धान कापून, झोडून, पाखडून तोलायचे. चौकोन ५ मीटर बाय ५ मीटरचा धरला तर तो हेक्टरचा चारशेवा भाग. काट्यावरचा एक किलो कागदावर हेक्टरी चार क्विंटल होतो आणि पाव किलोची चूक थेट एका क्विंटलची.

संख्याशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन शिकवणाऱ्या प्राध्यापकांना याहून चांगले उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही पाठ्यपुस्तकांत अजून नाणी उडतात आणि बल्ब जळतात.

पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एका पिकासाठी तालुका हा विमा घटक असेल तर अशा पीककापणीचे किमान १६ प्रयोग, महसूल मंडळ असेल तर १० आणि ग्रामपंचायत असेल तर मुख्य पिकासाठी ४ प्रयोग सांगितले आहेत. या प्रयोगांवर ठरणारी भरपाई त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच मिळते. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून एक रुपयात विमा देणारी योजना थांबवून भरपाईचा भार प्रामुख्याने या पीककापणी प्रयोगांवर टाकला. पण मामा (माजी मालगुजारी) तलावाखालची ओलिताची बांधी आणि वरच्या अंगाची पावसावरची बांधी यांच्या धानात फरक असणारच. निवडीत दहाच्या जागी दुसऱ्या दहा बांधी निघाल्या असत्या तर सरासरी काय आली असती? शेतकरी हाच प्रश्न जरा रागाने विचारतो: आमच्या शिवारात तर प्रयोगच झाला नाही. निघू शकणाऱ्या सगळ्या दहा-दहा बांधींच्या सरासऱ्या एकत्र मांडल्या की जे चित्र उभे राहते ते सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन. अडचण अशी की प्रत्यक्षात त्यातला एकच आकडा हाती येतो. बाकीचे कोणी कधी पाहत नाही.

विद्यार्थी अडतो तो इथेच. मंडळातल्या सगळ्या बांधींच्या उत्पन्नाचे वितरण, निवडलेल्या दहा बांधींचे वितरण आणि सरासऱ्यांचे वितरण ही तीन निरनिराळी चित्रे त्याच्या डोक्यात एकावर एक चढतात. संगणकावर दहा हजार नमुने काढून सुबक घंटाकृती आलेख दाखवण्याची आता पद्धत पडली आहे. तिचा उपयोग आहे, पण तो नंतर. आधीच दाखवली तर विद्यार्थ्याचा ठाम समज होतो की नमुने जास्त काढले म्हणजे आलेख अरुंद होतो. खरे तर नमुन्यांची संख्या वाढवल्याने आलेखाच्या कडा फक्त गुळगुळीत होतात. पसारा आवरतो तो प्रत्येक नमुन्यातल्या बांधी वाढवल्या तरच.

त्यापेक्षा फळ्यावर पाच बांधी काढाव्यात. काल्पनिक वजने ४, ६, ८, १०, १२ किलो, सरासरी ८. यातून दोन-दोन बांधींचे सगळे नमुने वर्गाने हाताने लिहावेत. ते दहाच निघतात आणि सरासऱ्या येतात ५, ६, ७, ७, ८, ८, ९, ९, १०, ११. मूळ पाच आकडे एकेकदाच आलेले, सपाट. सरासऱ्यांना मात्र मध्ये फुगवटा आला. त्यांचीही सरासरी ८ च. मग चार-चारचे नमुने घ्यावेत: ७, ७.५, ८, ८.५, ९. पसारा किती आटला हे सूत्राशिवाय दिसते.

खरी गंमत पुढे आहे. मूळ आकड्यांचे प्रचरण (व्हेरिअन्स) ८. पुस्तकी सूत्राने दोनच्या नमुन्यासाठी सरासरीचे प्रचरण ८ भागिले २, म्हणजे ४ यायला हवे. वर्गाचे उत्तर ३ येते. चाणाक्ष विद्यार्थी इथे हात वर करतो, आणि पुष्कळदा त्याला ‘ते पुढच्या वर्षी’ म्हणून खाली बसवले जाते. बसवू नये. एकदा निघालेली बांधी पुन्हा निघत नाही, म्हणून पाचातून दोन काढताना ४ ला तीन चतुर्थांशाने गुणावे लागते, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात.

हाताने नमुने काढण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली निबंध लिहिला, तेव्हा ३००० गुन्हेगारांच्या उंचीचे आणि डाव्या मधल्या बोटाच्या लांबीचे आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, पिसून, चार-चारचे ७५० नमुने पाडले होते.

एवढे झाले तरी विषय अर्धाच झाला. वितरण अरुंद आहे म्हणजे ते योग्य जागी उभे आहे असे नव्हे. याचा दाखला एका जुन्या वादात मिळतो. साताऱ्याकडच्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्रज्ञ नेमन आणि ईगन पिअर्सन यांच्या सहवासात शिकून आले आणि कृषी संशोधन परिषदेत पीककापणीच्या पद्धतीवर काम करू लागले. त्याच सुमारास संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकडे कापण्याकडे होता. खर्च कमी आणि तुकडे पुष्कळ. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये आकड्यांनिशी दाखवले की फार लहान तुकड्यांत उत्पन्न फुगून येते. दोरीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. असे हजार तुकडे कापले तर स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासऱ्यांचा पसारा, नगण्य होईल, पण सरासरी ठामपणे चुकीच्या जागी बसेल. दोघांचा हा वाद बराच गाजला. महालनोबिसांचे खर्चाचे गणित चुकीचे नव्हते, पण या मुद्द्यावर सुखात्म्यांचे पारडे जड होते, असे या मासिकाचे मत.

कडेची ही चूक विद्यार्थ्यांना दाखवायला शेतही लागत नाही. एक मीटर बाजूच्या चौकोनाला एका चौरस मीटरमागे ४ मीटर कड असते, पाच मीटर बाजूच्या चौकोनाला फक्त ०.८ मीटर. महाविद्यालयाच्या मैदानातल्या गवतावर दोन्ही मापांचे चौकोन आखून, कोणत्याही एकाच जातीची रोपटी मोजायला सांगून, दोन गटांच्या चौरस मीटरमागच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी मांडाव्यात. दोरीवरचे रोपटे आत की बाहेर याचा नियम मात्र पहिल्या दिवशी मुद्दाम सांगू नये. तो दुसऱ्या दिवशी सांगून पुन्हा मोजणी घ्यावी आणि दोन्ही दिवसांचे आलेख प्रात्यक्षिकाच्या वहीत एकाच पानावर चिकटवायला लावावेत.