न दुखणारे दुखणे



गेल्या पावसाळ्यात आम्ही गावातील एका सद्गृहस्थांच्या भेटीस गेलो होतो. बोलता बोलता फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी धूळ खात पडलेली दिसली. विचारता ते हसून म्हणाले, "फादर, दाब उतरला. आता काही त्रास नाही, मग उगाच औषध कशाला?" आम्ही त्यावर काही बोललो नाही, गोष्टी पिकापाण्याकडे वळल्या. नाताळापूर्वीच त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. आज त्यांची उजवी बाजू लुळी आहे आणि त्यांची पत्नी त्यांस चमच्याने पेज भरविते. त्या दिवशीचे आमचे मौन आम्हांस अजून बोचते. म्हणून हा विषय आज घेतला आहे.

दुखले की औषध घ्यावे आणि दुखायचे थांबले की बंद करावे, ही आपली रीत. पोटदुखीस ती चालेल. रक्तदाबास चालत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो रेटा पडतो, तो रक्तदाब. तो वर्षानुवर्षे अधिक राहिला, तर त्या भिंती जाड व कठीण होतात, हृदयास अधिक जोर करावा लागतो, मूत्रपिंडे झिजतात आणि शेवटी मेंदूतील एखादी नाजूक वाहिनी तुंबते किंवा फुटते. हे सारे बहुधा निमूटपणे चालते. रोग्यास ना कळ येते, ना ताप.

वय वाढले की दाब वाढायचाच, अशी एके काळी पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला. १२ एप्रिल १९४५ रोजी तो ३००/१९० पर्यंत चढला आणि त्याच दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या प्रमुखासाठीही तेव्हा खात्रीचे औषध नव्हते.

पुढे १९४८ मध्ये त्याच देशातील फ्रॅमिंगहॅम गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्याचे काम सुरू झाले. उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही हृदयविकाराची पूर्वचिन्हे होत, हे त्यातून स्पष्ट झाले. मग १९६७ साली डॉक्टर एडवर्ड फ्रीस व त्यांचे सहकारी यांनी अतिशय वाढलेला दाब असलेल्या १४३ पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्या ७० जणांत २७ गंभीर प्रसंग ओढवले. खरे औषध घेणाऱ्या ७३ जणांत अवघे दोन. या प्रयोगातील तीन औषधांपैकी एक होते रिसर्पीन. ते आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळांतून निघते. त्या मुळांचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला होता. मात्र हे वाचून कोणी मुळ्या उगाळून घेऊ नयेत. आज त्याहून सौम्य व खात्रीची औषधे आहेत आणि त्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

तेव्हा गोळीने दाब उतरतो, तो गोळी चालू असते म्हणून. बांधामुळे ओढ्याचे पाणी शेतात शिरत नाही, म्हणून शहाणा शेतकरी बांध फोडीत नाही. औषध कमी करणे किंवा थांबविणे, हा निर्णय डॉक्टरांचा. आपल्या बरे वाटण्याचा नव्हे.

तिशी उलटलेल्या प्रत्येकाने प्रकृती ठणठणीत वाटत असली तरी दाब मोजून घ्यावा. त्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावी. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा; मोजताना बोलू नये. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यास विलंब लावू नये.

घरच्या माउलींसही एक विनंती आहे. मोठ्या माणसास दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभरही नव्हे, इतके मीठ पुरते. आणि लोणचे, पापड व खारवलेली मासळी यांतील मीठही त्यातच मोजावयाचे. ताटात वरून मीठ वाढण्याची चाल मोडली, तरी पुष्कळ साधेल. तंबाखू व विडी सुटली, रोज अर्धा तास चालणे झाले आणि दारू वर्ज्य केली, तर औषधासही बळ येते.

वाचकहो, आज जेवणापूर्वी आपल्या घरातील फळीकडे एकदा पाहावे. तेथे अर्धी राहिलेली पट्टी आढळली, तर ती कोणाची, हे विचारावे. आम्ही गप्प राहिलो. आपण राहू नये.