दार बंद न करणाऱ्यांचा हिशेब

मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयाने २२ जानेवारी २०२६ रोजी वयाची शंभरी गाठली. शंभरी म्हटली की स्मरणिका, सत्कार आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे ओघाने आलेच. ते व्हावेत. पण राज्यात आणि देशात आरोग्यव्यवस्था सुधारण्याच्या गोष्टी जोरात चालू असताना, या सुधारणेत केईएमसारख्या रुग्णालयांची जागा नेमकी कोणती, हेही या निमित्ताने विचारायला हवे.

शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महापालिकेला या रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसा दिला, तो एका अटीवर: शिकवणारे सगळे भारतीय असले पाहिजेत. सरकारी महाविद्यालयातल्या वरच्या जागा तेव्हा बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत. पहिले अधिष्ठाता झाले डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे ही संस्था उभी राहिली ती स्वाभिमानातून. दयेपोटी काढलेला दवाखाना तो नव्हे. डिसेंबर १९६७मध्ये दक्षिण आफ्रिकेत जगातले पहिले हृदयप्रत्यारोपण झाले आणि फेब्रुवारी १९६८मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केईएममध्ये करून पाहिले. रुग्ण काही तासांतच दगावला, पण ते धाडस पालिकेच्या रुग्णालयात झाले. १९८६मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूचे टेस्ट ट्यूब बेबीचे यशही इथलेच. गरिबांचे रुग्णालय म्हणजे दुय्यम रुग्णालय, हे समीकरण त्या काळी कोणाच्या डोक्यात नव्हते. शहरातले नावाजलेले डॉक्टर सकाळी इथे मानद म्हणून काम करत आणि संध्याकाळी आपल्या खासगी दवाखान्यात बसत.

मग मध्यमवर्ग हळूहळू निघून गेला. हातात मेडिक्लेम आला, आसपास पंचतारांकित रुग्णालये उभी राहिली. जाताना हा वर्ग आपला आवाजही बरोबर घेऊन गेला, आणि खरे नुकसान तिथे झाले. ज्याची आई जनरल वॉर्डात दोन खाटांमधल्या गादीवर झोपत नाही, त्याला त्या गादीबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहावेसे वाटत नाही. नगरसेवकाला जाब विचारणे तर दूरच.

सुधारणेची आपल्याकडची मुख्य वाट आहे कार्डाची. २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले यांच्या नावाने राज्यभर चालू लागली, आणि २०२३मध्ये राज्य सरकारने सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांचे कवच देण्याचा निर्णय घेतला. ही योजना वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. अँजिओप्लास्टीसाठी दागिने गहाण टाकणाऱ्या किती घरांना तिने वाचवले, हे गावोगावचे लोक सांगतील. पण तिचा पैसा ठरलेल्या पॅकेजमागे चालतो. रात्री दोन वाजता रेल्वे पोलीस रुळांवरून उचललेला माणूस स्ट्रेचरवर आणतात. कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर नाव लागते ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’. त्याचे रेशनकार्ड कोण दाखवणार? योजनेचा आरोग्यमित्र सकाळी आला तरी विचारणार कोणाला? तोवर निवासी डॉक्टरने नळी घातलेली असते, रक्तपेढीला फोन झालेला असतो, वॉर्डबॉय मामाने एक्स-रेसाठी ट्रॉली ढकललेली असते. मधुमेहाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला ओपीडीच्या रांगेत उभी राहणारी बाई, क्षयाचा जुना रुग्ण, नातेवाईक सोडून गेलेला म्हातारा, यांच्यासाठीही पॅकेज नाही. हल्ल्यानंतर भान हरपलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना केईएमच्या परिचारिकांनी १९७३पासून २०१५पर्यंत सांभाळले. असा सांभाळ कोणत्या क्लेममध्ये बसवणार?

तयार असण्यालाही खर्च येतो. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली तेव्हा जखमी केईएममध्ये आले, कारण ते जवळ होते आणि उघडे होते. अशा सकाळींसाठी वर्षभर माणसे, खाटा आणि रक्त राखून ठेवावे लागते. पॅकेज मोजते ती झालेली शस्त्रक्रिया. ही राखण त्याच्या हिशेबात येत नाही.

या रुग्णालयांकडे आणखी एक ओझे येते, ते दुसऱ्यांनी टाकलेले. २०२३च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातील कळव्याच्या पालिका रुग्णालयात आणि दीडेक महिन्यांनी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एकाच दिवसात झालेल्या मृत्यूंनी राज्य हादरले. अनेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत, खासगीतून पाठवलेले आले होते, असे प्रशासनाने सांगितले. हे उत्तर सबब म्हणून चालणार नाही. औषधे आणि मनुष्यबळ कमी होते का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. पण त्यात तथ्य आहे. पैसे संपले की ‘वरच्या रुग्णालयात न्या’ अशी चिठ्ठी मिळते, आणि मृत्यूची नोंद चढते ती ज्याने दार उघडले त्याच्या वहीत. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, ही उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना २००६पासून लागू आहे. ती मनापासून पाळली गेली असती तर परळचा भार बराच हलका झाला असता.

राज्याच्या सीमेवर तर हे ओझे टाकणे अधिकच उघडे पडते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या माणसाला जवळचे मोठे रुग्णालय म्हणजे गोव्यातल्या बांबोळीचे. २०१८मध्ये गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन पेटले. गोव्यावर राग काढणे सोपे होते. आपल्या जिल्ह्याची जबाबदारी आपण शेजाऱ्याच्या अंगावर टाकली होती, हे मात्र फार थोडे बोलले.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट २०२५साठी ठेवले होते. ते वर्ष उलटून गेले, उद्दिष्ट दूरच आहे. जो थोडा पैसा आहे त्यातून आधी या रुग्णालयांना पॅकेजपलीकडचे, कायम स्वरूपाचे अनुदान मिळाले पाहिजे: रात्रपाळीसाठी, अनोळखी रुग्णांसाठी, रिकाम्या राहिलेल्या परिचारिकांच्या पदांसाठी. दुसरी मागणी स्वस्त आहे. बाहेरून पाठवलेला प्रत्येक रुग्ण कोणत्या रुग्णालयातून, किती वाजता, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या कारणाने आला, याची बेरीज पालिकेने दरवर्षी अर्थसंकल्पासोबत सभागृहापुढे ठेवावी, पाठवणाऱ्या रुग्णालयांच्या नावांसकट.