घरातला फिश टँक फुटला तर होम इन्शुरन्स पैसे देतं का?

१६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत असलेलं 'अ‍ॅक्वाडोम' हे अवाढव्य मत्स्यालय फुटलं. सुमारे १० लाख लिटर पाणी थेट रस्त्यापर्यंत वाहत गेलं. टँकमधले जवळपास १५०० मासे मेले आणि दोघांना किरकोळ दुखापत झाली. पुढे तज्ज्ञांनी तपास केला, पण नेमकं कारण ठामपणे सांगता आलं नाही. सांध्याचा चिकटपणा सुटला असावा, ही शक्यताही त्यांनी मांडली होती.

आपल्या हॉलमधला टँक त्यापुढे अगदीच छोटा असतो. पण फ्लॅटमध्ये २००-२५० लिटर पाणी सांडलं तरी फर्निचर, वायरिंग आणि खालच्या मजल्याचं सीलिंग खराब व्हायला तेवढं पुरेसं आहे. मग हा खर्च विमा कंपनी देते का?

पॉलिसीत नेमकं काय लिहिलंय?

आयआरडीएआयच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची स्टँडर्ड पॉलिसी उपलब्ध आहे. कंपनी कोणतीही असो, तिच्या मूळ अटी सारख्याच असतात. आग, भूकंप, वादळ, पूर यांच्यासोबत 'पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं' हाही धोका तिच्यात कव्हर आहे.

खरी मेख इथेच आहे. या ओळीत फिश टँकचं नाव घेऊन उल्लेख नाही. काचेचा टँक 'पाण्याची टाकी किंवा उपकरण' यात बसतो की नाही, यावर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो. म्हणून पॉलिसी घेतानाच कंपनीला ईमेल करून हा प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. एजंटने फोनवर 'सगळं कव्हर आहे' म्हटलं, एवढ्यावर विसंबू नका.

सामानाला किती कव्हर मिळतं?

घराच्या बांधकामाचा विमा काढला, तर त्या रकमेच्या २० टक्के कव्हर घरातल्या सामानाला आपोआप मिळतं. त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. म्हणजे बांधकामाचा विमा ३० लाखांचा असेल तर सामानाला ६ लाखांचं कव्हर. भाडेकरू फक्त सामानाचाही विमा काढू शकतात.

कुठे अडचण येते?

*खालच्या फ्लॅटचं नुकसान:* मूळ पॉलिसी तुमचं घर आणि तुमचं सामान यांच्यापुरतीच असते. शेजाऱ्यांचं पीओपी सीलिंग किंवा टीव्ही खराब झाला तर त्यासाठी 'पब्लिक लायबिलिटी' कव्हर वेगळं घ्यावं लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

*हळूहळू झिरपणारं पाणी:* पॉलिसी 'फुटणं' आणि 'ओसंडणं' याबद्दल बोलते. महिनोन्‌महिने थेंब थेंब गळून भिंतीला ओल आली असेल तर क्लेम मिळणं अवघड जातं.

*जळालेली मोटर:* शॉर्टसर्किट होऊन फिल्टरची मोटर जळाली, तर त्या मोटरचे पैसे मिळत नाहीत.

*मासे:* पॉलिसीतल्या सामानाच्या वर्णनात फर्निचर, टीव्ही, फ्रिज, कपडे अशा वस्तू आहेत. माशांचा उल्लेख नाही.

सोसायटीचा विमा आहे ना, असंही अनेकांना वाटतं. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने आग आणि भूकंपापासून इमारतीचा विमा काढायचा असतो. तुमचा सोफा त्यात येत नाही.

टँक गळतो तरी का?

४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे २५५ लिटर, म्हणजे २५५ किलो पाणी मावतं. काच, खडी आणि स्टँड धरून वजन ३०० किलोच्या वर जातं. स्टँड सपाट नसेल तर काचेवर असमान ताण येतो. सांध्यातलं सिलिकॉनही वर्षांनुवर्षं वापरून कमकुवत होतं. मोठा टँक खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा बीम किंवा भिंतीलगत ठेवणं चांगलं.

दुसरं कारण म्हणजे लाइट जाणं. टँकखाली संप असेल तर पंप बंद पडताच वरचं काही पाणी खाली उतरतं. संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते जमिनीवर येतं. पंपाचा मुख्य स्विच बंद करून याची चाचणी घरीच घेता येते. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवली तर तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच ठिबकतं.

टँक फुटलाच तर काय करायचं?

१. आधी मेन स्विच बंद करा, मगच पाण्यात पाय ठेवा.
२. साफसफाईआधी फोटो आणि व्हिडिओ काढा.
३. कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब वस्तू फेकू नका.
४. टँक, स्टँड आणि फर्निचरची बिलं शोधून ठेवा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे ५० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांची सुनावणी होते आणि तक्रारीसाठी फी लागत नाही. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. आयआरडीएआयचा टोल फ्री नंबर १५५२५५ आहे.